इंजिनाच्या तेलाची मुदत

मोटारीचे इंजिन-ऑइल किती किलोमीटरला बदलावे, हा प्रश्न सातारा-सांगली भागात आम्हांला जितक्या वेळा विचारला गेला असेल, तितक्या वेळा पगारवाढीचा प्रश्नही विचारला गेला नसेल. ड्रायव्हर विचारतो, मालक विचारतो, नवी मोटार घेतलेले प्राध्यापकही विचारतात. गंमत अशी की, विचारणाऱ्याच्या खिशात एक उत्तर आधीच असते. शोरूमवाल्याने दहा हजार सांगितलेले असते. नाक्यावरचा मेस्त्री पाच हजार सांगतो. आणि ज्याला खर्च करायचा तो मालक म्हणतो, "एवढ्यात कशाला? अजून बरे दिसते की!" व्याख्यानमालेच्या व्यवस्थापक मंडळींना आमच्याकडून संघटनेवरचे भाषण हवे होते; आम्ही हा विषय मागून घेतला. तेलाची गोष्ट आणि कामगाराची गोष्ट या आमच्या मते दोन नाहीत.

वंगण ही वस्तू आपल्या लोकांना नवी नाही. बैलगाडीचा गाडीवान आसाला एरंडेलाचे वंगण देई, आणि चाक कुरकुरू लागले की पुन्हा द्यायचे, एवढाच त्याचा नियम असे. तो नियम इंजिनाला लावता येत नाही. चाक कुरकुरून आधी सांगते. इंजिन आधी काहीच सांगत नाही, आणि ज्या दिवशी खडखडते त्या दिवशी वेळ निघून गेलेली असते. मिनिटाला दोन हजार फेरे घेणारा क्रँक तासाला एक लाख वीस हजार फेरे घेतो. क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा तेलाचा पापुद्रा असतो, आणि तो आहे तोवर धातूला धातू लागत नाही. शिवाय हेच तेल पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंगा आणि लायनर यांच्यामधली फट बुजवते, आतला मळ आपल्यात धरून ठेवते आणि लोखंडाला गंज चढू देत नाही. एका नोकराकडून एवढी कामे करून घ्यायची, आणि त्याला रजा कधी द्यायची याचा मात्र विचार नाही, असा हा प्रकार आहे.

आता हे तेल खराब कशाने होते? मूळ तेल सहसा संपत नाही. त्यात कारखान्याने मिसळलेली द्रव्ये संपतात. इंधन जळताना आम्ले तयार होतात, ती मारण्यासाठी तेलात अल्कली द्रव्य घातलेले असते. आम्ले मारता मारता ते खर्ची पडते. काजळी पसरून ठेवणारे दुसरे द्रव्य असते, त्याचीही धरण्याची शक्ती मर्यादित. तेल तापून हवेशी मिळते व दाट होऊ लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालते. आणि पाणी! वाचकांपैकी पुष्कळांना नवल वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते; थोडी रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. इंजिन पुरते तापले तर ते पाणी पुन्हा उडून जाते, न तापले तर तेथेच राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

मग एकाच मोटारीविषयी पाच हजार आणि दहा हजार अशी दोन उत्तरे का? त्याचे एक कारण काळाचे आहे. १९५०च्या सुमारास मोटारींच्या पुस्तकांत दर हजार-दोन हजार मैलांना तेल बदलण्याची सूचना असे. तेव्हाच्या तेलांत आजची द्रव्ये नव्हती आणि इंधनात गंधक फार. गंधक जळाले की आम्ल होते, आणि तेलातले अल्कली द्रव्य त्याच्याशीच झगडण्यात खर्च होते. आपल्याकडे बीएस-४ इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत चालत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि ते १० भागांवर उतरले. तेल सुधारले, इंधन स्वच्छ झाले, इंजिनाचे भाग अधिक नेटके बसू लागले, म्हणून मुदत वाढली. मेस्त्रीचा आकडा जुन्या जीपवर घडलेला आहे. त्या जीपला तो आजही शोभतो. अमेरिकेत तीन हजार मैलांचा असाच जुना आकडा लोकांच्या मनात इतका रुतून बसला की, कॅलिफोर्नियाच्या सरकारला "आपल्या गाडीचे पुस्तक उघडून पाहा" असा प्रचार करावा लागला. लवकर बदललेले तेलही फुकट गेलेले तेलच.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे, आणि त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. मोटारीच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर असतात. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात २५० तास असतात. ही दोन मापे वेगळी दिसतात. ताशी सरासरी ४० किलोमीटरने दहा हजार किलोमीटर जायला किती तास लागतील? बरोबर २५०. म्हणजे किलोमीटर हे तासांचेच दुसरे रूप आहे, पण सरासरी वेग चाळीसच्या आसपास असेल तोवरच. सातारा ते कागल या महामार्गावर साठच्या सरासरीने धावणाऱ्या मोटारीचे दहा हजार किलोमीटर १६७ तासांत पुरे होतात. सांगलीच्या मारुती चौकातून, स्टँडसमोरून, मिरजेच्या रस्त्याने वीसच्या सरासरीने रखडणाऱ्या त्याच मोटारीला ५०० तास लागतात. घड्याळातले किलोमीटर दोघींचे सारखे; इंजिनाची मजुरी एकीची दुसरीच्या तिप्पट. आमच्या चळवळीच्या भाषेत सांगायचे तर, एकीला नगावर मजुरी मिळते आणि दुसरी जादा तास भरते, पण ते तास कोणी मांडत नाही.

उसाच्या हंगामात हे फार ठळक दिसते. रेठऱ्याला, साखराळ्याला, भुईंजला किंवा सांगलीला, कोणत्याही कारखान्याच्या गव्हाणीबाहेर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग पाहा. पाच-सात किलोमीटरच्या फडातून ऊस आला आणि रात्रभर रांगेत उभा राहिला. थंडीच्या दिवसांत, पुन्हा स्टार्ट होईल न होईल या भीतीने, इंजिन चालूच. ट्रॅक्टरला निदान तास मोजणारे घड्याळ असते. त्याच रांगेतल्या ट्रकला ते नसते, आणि मालक ट्रकचे किलोमीटर पाहून म्हणतो, "गाडी फिरली कुठे?" फोर्ड कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी एक ठोकताळा दिलेला आहे: एक तास उभ्याने चाललेले इंजिन म्हणजे ३३ मैल, सुमारे ५३ किलोमीटर, धावल्यासारखे धरावे. रांगेत आठ तास इंजिन चालू राहिले तर चारशे किलोमीटरहून अधिक झाले. आमच्या ट्रकांना हा आकडा जसाच्या तसा लागू पडेल असे नव्हे, पण शून्य हा आकडा तर निश्चितच लागू पडत नाही.

घाटाचे तसेच. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाणारी भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये असते. किलोमीटर थोडे, फेरे पुष्कळ, तेल तापलेले. आणि माण-खटाव, जत-आटपाडीकडची धूळ! एअर फिल्टरच्या रबराला चीर गेली असेल तर ती धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि तेलात उतरून पॉलिश-कागदासारखे काम करते. तिकडच्या वडापवाल्यांनी तेलाआधी एअर फिल्टर झटकायला शिकावे, असे आमचे मत आहे.

याच्या उलट टोकाला मिरजेचे डॉक्टर. बंगल्यापासून दवाखाना दोन किलोमीटर, दिवसातून चार खेपा, मोटार जपून चालवलेली, वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा नाहीत. त्यांना वाटते आपल्या मोटारीएवढे सुख कोणाला नाही. पण दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापतच नाही. मघाशी सांगितलेले पाणी तेलातच राहते, त्याच्या जोडीला न जळलेले पेट्रोल येते, तेल पातळ व आंबट होते, आणि तेल घालण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय धरते. मुंबईकर मंडळी गणपतीपुरती चालवण्यासाठी कराडला मोटार ठेवून जातात, तिचेही दुखणे हेच. म्हणूनच पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिने लिहिलेले असतात आणि "जे आधी होईल ते" असे म्हटलेले असते. हे चार शब्द लोक वाचत नाहीत.

तेव्हा उत्तर काय? आजच्या पुष्कळशा पेट्रोल मोटारींच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे असते. साधा उपयोग असेल तर तेच पाळावे, कमी करण्याचे कारण नाही. त्याच पुस्तकाच्या मागच्या बाजूस बहुधा दुसरा तक्ता असतो: धूळ, ओझे, घाट, लहान खेपा, उभ्याने चालणारे इंजिन, यांसाठी. तेथे मुदत बरीच खाली, पुष्कळदा निम्म्यावर, आणलेली असते. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या भाड्याच्या बहुतेक गाड्या त्या दुसऱ्या तक्त्यातल्या आहेत, आणि त्यांचे मालक पहिला तक्ता दाखवतात. साधे खनिज तेल वापरणाऱ्या जुन्या जीपला पाच हजारांवर नेऊ नये. मोटारसायकलीत तेच तेल गिअर आणि क्लचही सांभाळते, म्हणून तिची मुदत मोटारीवरून ठरवू नये. विजेच्या मोटारीला हा प्रश्नच नाही. पण आज रस्त्यावर असलेल्या डिझेलच्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे पोट भरणार आहेत.

कोणते तेल, याविषयी थोडक्यात. डब्यावर १५ डब्ल्यू-४० असे आकडे असतात. पहिला थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापल्यावर टिकणाऱ्या दाटपणाचा. "जाड तेल म्हणजे चांगले तेल" ही समजूत जुनी आहे. पातळ तेलासाठी घडवलेल्या नव्या इंजिनात जाड तेल घातले तर ते थंडीत वरपर्यंत पोचायला उशीर करते. एस अक्षराने सुरू होणारी खूण पेट्रोल इंजिनाची, सी अक्षराची डिझेलची. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. तिला कमी राखेचे तेलच लागते, नाहीतर जाळी कायमची तुंबते. बिलाशिवाय तेल घेऊ नये, आणि रिकामा डबा भोक पाडल्याशिवाय विकू नये. तो कोणत्या तेलाने भरून परत येईल ते सांगता येत नाही.

आता फिल्टर. तेल बदलून फिल्टर जुना ठेवणे ही आमच्याकडची काटकसर आहे, आणि ती अंगलट येणारी आहे. घागर न घासता ताजे पाणी भरावे तसे ते आहे. जुन्या फिल्टरच्या पोटातले काळे तेल नव्यात मिसळतेच. खरा धोका पुढेच आहे. फिल्टरचा कागद माणसाच्या केसाच्या निम्म्याहून बारीक कण अडवतो. कण साठून तो तुंबला तर इंजिनाला तेल मिळेनासे होईल, म्हणून त्यात एक झडप केलेली असते. कागदातून तेल जाईना की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. कारखानदाराचा हिशेब बरोबर आहे: तेल नसण्यापेक्षा घाण तेल बरे. पण झडप उघडल्याचे ड्रायव्हरला कळत नाही. त्याला वाटते फिल्टर आहे, आणि फिल्टर नुसता लटकलेला असतो. म्हणून तेल आणि फिल्टर एकदमच बदलावेत.

"काळे झाले म्हणजे बदला" हा नियम डिझेलला लागू नाही. डिझेलचे तेल बदलल्यापासून शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवते, आणि तेच त्याचे काम आहे. काळजी करावी ती तेल चहासारखे दुधाळ झाले तर. पाणी मिसळले, हेडची गॅस्केट गेली असण्याचा संभव. पट्टीवर तेल आपोआप वाढलेले दिसले तर आनंद मानू नये. डिझेल उतरत आहे. पट्टी पाहायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. आतले खरे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, ते प्रयोगशाळेला दिसते. अमेरिकेतल्या डेन्व्हर व रिओ ग्रांदे रेल्वेने १९४०च्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलाचा नमुना जाळून त्याच्या प्रकाशपटावरून धातू ओळखण्यास आरंभ केला. लोखंड वाढले तर लायनर झिजतो आहे, तांबे वाढले तर बेअरिंग, सिलिकॉन म्हणजे धूळ. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडांतूनही ही पद्धत आली. ट्रकवाल्याला हे परवडत नाही. त्याची प्रयोगशाळा म्हणजे वही.

वहीविषयी एक प्रकरण सांगितले पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या एका वाहतूक मालकाचा ट्रक कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात बंद पडला. बेअरिंग गेले, क्रँक घासला. मालकाने ठरवून टाकले की ड्रायव्हरने तेल न बघता गाडी हाकली, आणि दुरुस्तीचा खर्च महिन्याच्या हप्त्यांनी पगारातून कापण्यास सुरुवात केली. ड्रायव्हर आमच्याकडे आला तो एक मळकी खिसावही घेऊन. तीत प्रत्येक तेल-बदलीची तारीख, घड्याळातला आकडा, किती लिटर आणि वरून किती भर घातली हे लिहिलेले होते, आणि तीन ठिकाणी एकच ओळ होती: "फिल्टर मागितला, मिळाला नाही." आम्ही मालकाच्या समक्ष मेस्त्रीकडून फिल्टर कापून घेतला. आतला कागद डांबरासारखा झालेला, आणि घड्या दबून एकमेकींना चिकटलेल्या. मालक मनुष्य वाईट नव्हता. त्याने थोडा वेळ कागदाकडे पाहिले, आणि पुढच्या महिन्यापासून कपात थांबली, कापलेलेही परत आले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

लागली असती तर कायदाही होताच. कामगाराच्या हयगयीमुळेच नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच कपात करता येते, ती नुकसानीहून अधिक असता कामा नये, आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून ती करता येत नाही, असे १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने ठरवले. २०१९च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. पण बाजू मांडायची म्हणजे दाखवायला काहीतरी हवे. एस.टी.च्या आगारात गाडीगणिक किलोमीटरचा हिशेब असतो, डॉकिंगला गाडी केव्हा घेतली त्याची नोंद असते. तेथे वाद झाला तर कागद बोलतो. वडापवाल्याला, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला असा कागद कोणी देत नाही. त्याने तो स्वतःच करावा: तारीख, आकडा, लिटर, फिल्टर, आणि हंगामात रांगेतले तास. शक्य तर मालकाची सही.

शेवटचा भाग जळक्या तेलाचा आणि ते काढणाऱ्या पोराचा. तेल गरम असताना काढावे, म्हणजे मळासकट निघते. पण हात भाजेल इतके गरम नको. गॅरेजमधला मुलगा ते हातांवर घेतो, कोपरापर्यंत माखतो, डिझेलने हात धुतो आणि तेलाचा बोळा पँटच्या खिशात घालतो. जळक्या तेलात अर्धवट जळलेल्या इंधनातून आलेली संयुगे साठतात, आणि त्यांतली काही कर्करोग करणारी म्हणून ओळखली गेली आहेत. याचा धडा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांनी फार महाग शिकवला. तेथे म्यूल नावाच्या यंत्रांवरच्या सूतकात्यांच्या कपड्यांवर चात्यांचे खनिज तेल वर्षानुवर्षे उडत असे, आणि त्यांना जांघेजवळच्या नाजूक कातडीचा कर्करोग होई. १९२६ साली सरकारी समितीने तेलाकडे बोट दाखवले. बंधनकारक नियम व्हायला १९५३ साल उजाडले. मधल्या सत्तावीस वर्षांत जे गेले, ते गेले. आमच्या गॅरेजातल्या पोराला एवढे तरी मिळावे: रबरी हातमोजे, साबण, आणि तेलाचे फडके ठेवायला खिशाऐवजी एक डबा. तेल बदलण्याच्या बिलात ही रक्कम दिसणारसुद्धा नाही.

जळके तेल सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, आणि उरलेले गटारात ओततात. गटार ओढ्याला मिळते आणि ओढा कृष्णेला. २०१६च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे या काळ्या तेलाला आता गिऱ्हाईक आहे. मात्र ते झाकणाच्या डब्यात वेगळे साठवावे, आणि त्यात रेडिएटरचे पाणी, हात धुतलेले डिझेल किंवा ब्रेकचे तेल ओतू नये. भेसळ झालेले तेल पुन्हा शुद्ध करणे कठीण जाते, आणि असा डबा घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही.